मेनफ्रेमवरच्या फाइलचं एन्कोडिंग बदललं आणि १२३.४५ चे १२९.४२ झाले!

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे झेड/ओएसवर (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) रोज रात्री एक जॉब चालतो. त्यातून निघणारी फाइल आता एका नव्या लिनक्स सर्व्हरवर पाठवायची आहे. फाइल अगदी साधी: रेकएफएम एफबी (सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे), एलरेकेल ८० (प्रत्येकी ८० बाइट). पहिले १० बाइट खाते क्रमांक, पुढचे ३० नाव, मग ३ बाइट शुल्क, मग ८ बाइट तारीख, उरलेलं फिलर. तिकडे एक जावा प्रोग्राम जागा मोजून एकेक फील्ड उचलतो.

आधी एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये पाठवली, १०४७ (मेनफ्रेमच्या एब्सिडिकचं एक कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा तक्ता) वरून ८८५९-१ (आस्कीवर बेतलेलं) असं रूपांतर लावून. नावं झकास, तारखा झकास. टेस्टिंगच्या फाइलमध्ये तीनच रेकॉर्ड होते, शुल्क १००.००, ११०.०० आणि १२०.००. तिन्ही तिकडे बरोबर उमटले. सह्या झाल्या, गाडी प्रॉडक्शनला गेली.

पहिल्याच रात्री १२३.४५ चे १२९.४२ झाले. जॉब पडला नाही, एरर नाही, रिटर्न कोड शून्य. सकाळी कुणीतरी बेरीज जुळत नाही म्हणून ओरडलं तेव्हा कळलं.

साहेब म्हणाले, "यूटीएफ-८ करून टाक, आजकाल सगळं यूटीएफ-८ असतं." केलं. साइट कमांडने एन्कोडिंग एमबीसीएस केलं आणि एमबीडेटाकॉनमध्ये १०४७ व यूटीएफ-८ ही जोडी दिली. आता काही रेकॉर्ड ८१ बाइटचे येतात, काही ८२ चे, आणि त्या १२३.४५ वाल्या रेकॉर्डची तारीख फुलीपासून सुरू होते, म्हणजे आधी * आणि मग वर्ष. तिकडचा प्रोग्राम आता सरळ पडतो. आगीतून फुफाट्यात.

प्रश्न असा: डेटासेटचं एन्कोडिंग बदलायचं सेटिंग नेमकं असतं कुठे? आयएसपीएफच्या (मेनफ्रेमचे मेनू आणि एडिटर) ३.४ मध्ये माहिती उघडली की रेकएफएम, एलरेकेल, ब्लॉकसाइझ सगळं दिसतं. कोडपेज कुठेच दिसत नाही.

टारझन८०

तिकडे फ्लोटमध्ये घेत असतील. राउंडिंगचा घोळ आहे.

अर्धविराम

राउंडिंगने ५.९७ चा फरक पडत असेल तर ते राउंडिंग माझ्या पगाराला लावा कुणीतरी.

हेक्सवाला

ताई, कॉपीबुकातली (कोबोलमध्ये फील्डांची मांडणी लिहिलेली असते ते) शुल्काची ओळ जशीच्या तशी द्या. कॉम्प-३ आहे ना? ३ बाइटमध्ये दशांशासकट पाच आकडे बसवलेत म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही.

आणि एक काम करा. इकडची फाइल आयएसपीएफमध्ये उघडून हेक्स ऑन करा (प्रत्येक बाइट दोन षोडशमान अंकांत, एकाखाली एक दिसतो), ४१ व्या कॉलमपासून तीन बाइट बघा. लिनक्सवर पहिल्या प्रयत्नातली फाइल अजून असेल तर तिचेही तेच तीन बाइट बघा. दोन्ही इथे लिहा.

गंमतजंमत

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

रात्रपाळी

@हेक्सवाला, हो. पिक एस९(३)व्ही९९ कॉम्प-३.

इकडे हेक्स ऑन केल्यावर त्या तीन कॉलमांखाली असं दिसतं:

वरची ओळ: १ ३ ५
खालची ओळ: २ ४ सी

म्हणजे १२ ३४ ५सी. आणि लिनक्सवर पहिल्या फाइलमध्ये १२ ९४ २ए आहे. यूटीएफ-८ वाल्या फाइलमध्ये तीनाचे चार झालेत: १२ सी२ ९४ २ए.

थांबा. १२९४२ तर लिनक्सच्या पहिल्या फाइलच्या बाइटांत सरळ वाचताच येतंय!

हेक्सवाला

सापडलं. तुमच्या एफटीपीने काही चुकवलेलं नाही, सांगितलं तेच इमानदारीने केलंय. हे जरा सावकाश लिहितो, कारण या खड्ड्यात मीही पडलेलो आहे.

कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड डेसिमल. एका बाइटमध्ये दोन आकडे, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे चिन्ह नसलेलं. तुमचे १२३.४५ हे १२ ३४ ५सी असे बसतात. दशांशचिन्ह फाइलमध्ये नसतंच, ते फक्त कॉपीबुकाला ठाऊक.

टेक्स्ट मोडमध्ये पाठवताना एफटीपी प्रत्येक बाइटकडे अक्षर म्हणून बघतं. त्याला पॅक्ड-बिक्ड काही कळत नाही. बाइट उचलायचा, तक्त्यात बघायचं, समोरचा बाइट ठेवायचा. १२ हे एक नियंत्रण-अक्षर आहे, त्याला दोन्हीकडे १२ च म्हणतात, ते वाचलं. ३४ हे दुसरं, ते पलीकडे ९४ होतं. आणि ५सी म्हणजे एब्सिडिकमध्ये फुली, *. आस्कीत फुलीचा क्रमांक २ए. झाले १२ ९४ २ए.

आता खरी मेख. तुमचं नशीब वाईट म्हणून शेवटी 'ए' आला. पॅक्ड डेसिमलमध्ये ए, सी, ई, एफ चारही अधिक चिन्हं म्हणून चालतात. बी आणि डी उणे. शिवाय तिकडची बरीच डिकोडर मंडळी फक्त "डी असेल तर उणे, नाहीतर अधिक" एवढंच बघतात. म्हणून १२९४२ अधिक. एकदम वैध रक्कम, फक्त चुकीची. एखादा आकडा ए ते एफच्या घरात गेला असता तर प्रोग्राम तिथेच मेला असता आणि तुम्हाला पहिल्याच रात्री कळलं असतं.

यूटीएफ-८ ने वाढ का झाली तेही यातच आहे. रूपांतरानंतर हेक्स ८० किंवा त्यावर जाणारा प्रत्येक बाइट यूटीएफ-८ मध्ये दोन बाइट खातो. ९४ चे सी२ ९४ झाले, मागचं सगळं एक घर सरकलं. तुमची तारीख ज्या फुलीपासून सुरू होते ती फुली म्हणजे शुल्काचा शेवटचा बाइट.

शून्यसीसात

दंडवत घ्या _/\_

टारझन८०

बरं, राउंडिंगचं मी मागे घेतो. पण मग टेस्टिंगचे तीन कसे पास झाले?

हेक्सवाला

१००.०० म्हणजे १० ०० ०सी. १०, ००, ०सी तिघांचेही क्रमांक दोन्ही तक्त्यांत तेच आहेत. ११ आणि १२ चेही. टेस्ट डेटा बनवणाऱ्याने नेमके तेच आकडे निवडले जे या भानगडीत जसेच्या तसे राहतात.

शून्यसीसात

मी बसून तक्ता काढला. अशाच ३ बाइटमध्ये:

५०.०० चे ९०.०० होतात (०५ हा टॅब, तो आस्कीत ०९).
२००.०० चे ८००.००.
३००.०० चे ९००.००.
४००.०० चे २००.०० (४० म्हणजे एब्सिडिकमधली मोकळी जागा, आस्कीत २०).
५००.०० चे २६०.०० (५० हे & आहे).

म्हणजे ४०० वाल्याला निम्मी माफी आणि २०० वाल्याला चौपट दंड. याला धोरण म्हणून जाहीर करता येईल.

अर्धविराम

१४० टाकला असता टेस्टमध्ये तर?

शून्यसीसात

१४ चा ९डी होतो. 'डी' हा आकडा नाही, तिथे प्रोग्राम आपटला असता. एक रेकॉर्ड १४० चा असता तर हा धागाच निघाला नसता.

कोबोलकाका

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

सेटिंग सापडत नाही कारण ते नाही. साध्या डेटासेटच्या लेबलावर रेकॉर्ड कसे कापायचे (रेकएफएम), किती लांब (एलरेकेल) आणि किती एकत्र बांधायचे (ब्लॉकसाइझ) एवढंच लिहिलेलं असतं. आतले बाइट कोणत्या कोडपेजचे आहेत हे लिहायची तिथे पद्धतच नाही, कारण सगळं एब्सिडिकच असणार असं गृहीत. त्यामुळे "फाइलचा फॉरमॅट" आणि "फाइलचं एन्कोडिंग" या दोन गोष्टी एका दमात बोलू नका. एक लेबलावर आहे. दुसरं माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं निवृत्त होतात.

हे एब्सिडिक आलं कुठून तेही सांगतो, नव्या मंडळींना वाटतं मुद्दाम छळायला केलंय. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० जाहीर केलं, तेव्हाची सगळी दुनिया छिद्रांच्या कार्डावर चालायची. ८० रकान्यांचं कार्ड तर १९२८ पासूनचं. तुमचं एलरेकेल ८० तिथलं. कार्डावर ए ते आय एका पट्ट्यात, जे ते आर दुसऱ्या, एस ते झेड तिसऱ्या. तेच पट्टे कोडमध्ये उतरले: ए ते आय म्हणजे सी१ ते सी९, जे ते आर डी१ ते डी९, एस ते झेड ई२ ते ई९. मध्ये फटी. ३६० च्या पीएसडब्ल्यूमध्ये (प्रोसेसरची स्थिती ठेवणारी नोंद) आस्कीसाठी एक बिट ठेवलेला होता बरं का! कुणी वापरला नाही, ३७० मध्ये तो काढून टाकला.

अर्धविराम

त्या फटींमुळे मी एकदा तोंडघशी पडलोय. सी भाषेत 'ए' पासून 'झेड' पर्यंत लूप लावला. २६ वेळा फिरायचा तो ४१ वेळा फिरला. मधे बॅकस्लॅशसुद्धा भेटून गेला.

टारझन८०

काका, मग सोपा उपाय: जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचना) डीसीबीत (फाइलच्या रचनेचा भाग) रेकएफएम व्हीबी (बदलत्या लांबीचे रेकॉर्ड) लिहून टाकायचं. व्हेरिएबल झालं की ८१ असो, ८२ असो, काय फरक पडतो?

कोबोलकाका

टारझनराव, आजार रेड्याला नि औषध पखालीला!

एफबी फाइल व्हीबी म्हणून वाचायला घेतलीत तर सिस्टिम पहिले चार बाइट ब्लॉकची लांबी समजून वाचेल. तिथे तर खाते क्रमांक आहे. अबेंड (जॉब आपटणार), दुसरं काय. खरोखर एफबीचं व्हीबी करायचं असेल तर डीएफसॉर्टमध्ये (मेनफ्रेमचं सॉर्टचं साधन) आउटफिलला एफटीओव्ही द्या, उलट जायचं तर व्हीटीओएफ. आणि व्हीबीमध्ये एलरेकेल धरताना आरडीडब्ल्यूचे (रेकॉर्डच्या आधी त्याची लांबी सांगणारे) ४ बाइट मोजायचे, म्हणजे ८० च्या डेटाला ८४. सॉर्टची पोझिशनही मग ५ पासून सुरू. यात न चुकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आता लेबल बदलण्याची माझी गोष्ट ऐका. नोकरीचं दुसरं वर्ष. कुठल्याशा पॅरामीटर फाइलची प्रत करायची होती, आयईबीजेनर (प्रत काढणारी यूटिलिटी) लावलं, सिसयूटी२ ला (प्रत जिथे जाते ती फाइल) डीसीबी लिहिलं एफबी, ८०, ८०. जॉब शून्याने संपला. पंधरा मिनिटांत फोन वाजायला लागले, एकही प्रोग्राम लोड होईना. सिसयूटी२ मध्ये मी चुकून लोड लायब्ररीचं नाव टाकलं होतं. तिचं लेबल होतं रेकएफएम यू, ब्लॉकसाइझ ३२७६०. मी एक फालतू मेंबर लिहिला आणि जाता जाता अख्ख्या लायब्ररीचं लेबल एफबी ८० करून आलो.

मला दरदरून घाम. आमच्या सिस्टिम्सवाल्या बाई आल्या, कमरेवर हात ठेवून स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "मेलं कोणी नाही, फक्त दारावरची पाटी बदललीय." मॉड्यूल सगळे जागच्या जागी होते. त्यांनी तसंच आयईबीजेनर पुन्हा चालवलं, या वेळी डीसीबीत यू आणि ३२७६०, मेंबरचं नाव टेम्प. पाटी पुन्हा जुनी झाली, लायब्ररी चालू. नंतर टेम्प उडवला. मला त्यांनी चहा पाजायला लावला, एवढीच शिक्षा.

गंमतजंमत

काकांच्या गोष्टींचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

उंटावरचा_शहाणा

पाटीवरून आठवलं. युनिक्सच्या बाजूला (यूएसएसमध्ये) मात्र फाइलला कोडपेजचा टॅग लावता येतो. चटॅग कमांड, आणि एलएसला मोठा टी दिला की टॅग दिसतो. ऑटोकन्व्हर्ट चालू असेल तर प्रोग्राम वाचताना आपोआप रूपांतर होतं. छान सोय आहे, पण लोक काय करतात? फाइल एब्सिडिक, आणि चटॅगने तिला यूटीएफ-८ म्हणून टाकतात, की झालं रूपांतर! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चटॅग आतल्या एका बाइटलाही हात लावत नाही. बाइट बदलायचे तर आयकॉन्व्ह. मग टॅग.

जावावाल्यांसाठी: जावा १८ पासून डीफॉल्ट कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ झाला. झेड/ओएसवर आधी डीफॉल्ट १०४७ धरून लिहिलेला कोड नव्या आवृत्तीवर नेलात की एब्सिडिक फाइल यूटीएफ-८ समजून वाचली जाते. फाइल डॉट एन्कोडिंगला कॉम्पॅट दिलं की जुनं वागणं परत येतं. पण तो लेचापेचा इलाज. कोडमध्येच कॅरेक्टरसेट स्पष्ट लिहा.

सुमुक्ता

मी डेव्हलपर नाही, एमुलेटरवर (पीसीवर मेनफ्रेमचा स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) दिवसभर असते. माझ्याकडे चौकोनी कंस विचित्र दिसतात, शेजारणीकडे बरोबर. हाही त्यातलाच प्रकार का?

हेक्सवाला

अगदी त्यातलाच. ०३७ कोडपेजमध्ये [ आणि ] हे बीए आणि बीबी. १०४७ मध्ये एडी आणि बीडी. ५०० मध्ये ४ए आणि ५ए. तुमच्या एमुलेटरचं होस्ट कोडपेज एक असेल, फाइल दुसऱ्यात लिहिली असेल, तर कंस भलतेच दिसणार. अक्षरं आणि आकडे तिन्हीकडे सारखे, म्हणून बाकी सगळं ठीक वाटतं.

पण एक सावधगिरी. एमुलेटरचं सेटिंग बदलल्याने फाइल बदलत नाही, मात्र तुम्ही जे नवीन टाइप कराल ते नव्या क्रमांकांनी जाईल. आमच्याकडे एका सी प्रोग्राममध्ये वरचे कंस एडी, खालचे बीए. स्क्रीनवर एका वेळी निम्मेच बरोबर दिसायचे. कंपायलरने तर हात टेकले.

शून्यसीसात

आणि ५०० मध्ये ४एफ वर उद्गारचिन्ह आहे, ०३७ मध्ये तिथे उभी रेघ. म्हणून रेक्स भाषेत जोडणीच्या दोन उभ्या रेघा तिथे !! अशा दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं प्रोग्रामर फार उत्साही होता.

जर्मन २७३ ची गंमत सांगतो. साध्या आकड्यात (कॉम्प-३ नव्हे, झोन्ड डेसिमल) चिन्ह शेवटच्या आकड्यावर चढवलेलं असतं. शेवटचा आकडा अधिक शून्य असेल तर तो सी०, म्हणजे आपल्याकडे {. २७३ मध्ये सी० वर ä आहे. पलीकडच्या टीमने मेल केला: "तुमच्या काही रकमांच्या शेवटी ä का आहे?" शून्यावर संपणारी प्रत्येक रक्कम. उणे शून्य असेल तर ü. दोन दिवस आम्ही दोघंही एकमेकांना वेड्यात काढत होतो.

रात्रपाळी

सगळ्यांचे खूप आभार, डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे टेक्स्ट मोड बंद करून बायनरीत पाठवू का? मग शुल्क बरोबर जाईल. पण नावं एब्सिडिकच राहतील ना?

टारझन८०

राहतील. तिकडे उघडलीत तर सगळीकडे @@@@@ दिसेल, कारण मोकळी जागा ४० आणि आस्कीत ४० म्हणजे @. (एवढं मलाही माहीत आहे!)

डेटासुतार

माझं मत: बायनरीच पाठवा, एकही बाइट न बदलता, आणि कॉपीबुक बरोबर द्या. लिनक्सवर कॉपीबुक वाचून फील्डनुसार उलगडणारी साधनं आहेत. जेरेकॉर्ड आहे, स्पार्क वापरत असाल तर कोब्रिक्स आहे. मेनफ्रेमचा सीपीयू महागडा, त्यावर रोज रात्री करोडो रेकॉर्डांची रंगरंगोटी कशाला?

कोबोलकाका

आणि उद्या कॉपीबुकात एक फील्ड मध्येच घुसवलं की तिकडे कोण सांगणार? त्या टीमला मेल जाईल, मेल सुट्टीवर असलेल्या माणसाला जाईल. आमच्या घरातली भांडी आम्ही घासून द्यावी. डीएफसॉर्टच्या एका पायरीत हे होतं आणि सॉर्टला असल्या कामाचा सीपीयू फारसा लागत नाही.

डेटासुतार

काका, एका फाइलमध्ये हेडर, डिटेल, ट्रेलर, वर रीडिफाइन्स (एकाच जागेला दोन अर्थ) आणि ऑकर्स डिपेंडिंग ऑन (कितीदा येईल ते बदलणारं फील्ड) असेल तर तुमच्या त्या "एका पायरी"त इफदेनची (अटींची) वेल मांडवावर चढते. मी अशी चारशे ओळींची सॉर्ट कार्डं सांभाळली आहेत. कोब्रिक्सला नुसतं कॉपीबुक दिलं की झालं.

कोबोलकाका

ते मान्य. पण ताईंची फाइल पाच फील्डांची आहे हो. तोफ कशाला?

डेटासुतार

पाच फील्डांना सॉर्ट, कबूल. पण कॉम्प-१ असलेली फाइल असती तर मी ऐकलं नसतं. ते षोडशमान फ्लोट आहे, आयईईईवालं नाही, तिकडच्या लोकांना त्याचा पत्ताच नसतो.

अर्धविराम

या दोघांचं तुटेपर्यंत मी एक अवांतर टाकतो. सगळं रूपांतर अचूक झालं तरी एक गोष्ट राहते: क्रम. एब्सिडिकमध्ये आधी लहान अक्षरं, मग मोठी, शेवटी आकडे. आस्कीत बरोब्बर उलटं: आकडे, मोठी, लहान.

आमच्याकडे मास्टर आणि ट्रान्झॅक्शन अशा दोन फाइली मेनफ्रेमवर की लावून सॉर्ट करून जायच्या. तिकडचा प्रोग्राम दोन्ही शेजारी ठेवून जुळवायचा: याची की लहान तर हा पुढे, त्याची लहान तर तो पुढे. जोवर कीमध्ये नुसते आकडे होते तोवर वर्षभर सुरळीत. मग एके दिवशी अक्षरापासून सुरू होणारी खाती आली. आमच्या फाइलमध्ये ती वर, कारण अक्षर आकड्याच्या आधी. तिकडचा प्रोग्राम अक्षराला मोठं समजतो. पहिल्याच अक्षरवाल्या कीवर त्याने ट्रान्झॅक्शनची अख्खी फाइल संपेपर्यंत पुढे ढकलली आणि शांतपणे सांगितलं, "जुळलेले रेकॉर्ड: शून्य." रिटर्न कोडही शून्य.

तेव्हापासून फाइल पलीकडे गेली की तिकडच्या क्रमाने पुन्हा सॉर्ट. चर्चाच नाही.

मुक्तछंद

सहज विचारतो, आपली देवनागरी या सगळ्यात कुठे बसते? की बसतच नाही?

उंटावरचा_शहाणा

बसते! ११३७ नावाचं देवनागरीचं एब्सिडिक कोडपेज आहे. पण प्रत्यक्ष कामात यूटीएफ-८ (मेनफ्रेमच्या भाषेत १२०८) किंवा कोबोलचा नॅशनल प्रकार, जो यूटीएफ-१६ असतो. कोबोलमध्ये डिस्प्ले-ऑफ आणि नॅशनल-ऑफ ही दोन फंक्शनं इकडून तिकडे नेतात.

अडचण वेगळीच आहे. पिक एक्स(३०) म्हणजे ३० बाइट, ३० अक्षरं नव्हेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'कृष्ण' आपल्याला दोन अक्षरं वाटतात. प्रत्यक्षात क, ृ, ष, ्, ण अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ३० बाइटच्या नावात दोन कृष्ण बसले की घर भरलं. आणि ३१ वा बाइट कापताना एखादं चिन्ह मधोमध चिरलं गेलं तर पुढचा प्रोग्राम ती ओळच नाकारतो.

गंमतजंमत

दोन कृष्ण आणि घर भरलं =))

रात्रपाळी

मंडळी, अपडेट. काकांचं ऐकलं (डेटासुतार, राग मानू नका, मोठ्या फाइलच्या वेळी तुमच्याकडेच येणार आहे).

डीएफसॉर्टची एक पायरी घातली. आउटरेक बिल्डमध्ये पहिले ४० बाइट जसेच्या तसे, मग ४१ पासून ३ बाइट पीडी (पॅक्ड डेसिमल) म्हणून वाचून एडिटने चिन्ह आणि दशांशासकट सात अक्षरी केले, मग तारखेचे ८. फिलर गाळला. नवी फाइल ५५ बाइटची, आत सगळी फक्त वाचता येणारी अक्षरं. तीच आता टेक्स्ट मोडमध्ये यूटीएफ-८ करून जाते. १२३.४५ तिकडेही +१२३.४५. साहेब म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, यूटीएफ-८ कर!" मी काही बोलले नाही.

टेस्टच्या फाइलमध्ये आता १४०.००, उणे ५०.०० आणि नावात é असलेला एक रेकॉर्ड कायमचा घातला आहे. é वाला अपेक्षेप्रमाणे यूटीएफ-८ मध्ये एक बाइटने लांबला, म्हणून जावावाल्यांना बाइट नव्हे, अक्षरं मोजायला लावलं.

हेक्सवाला

उत्तम. एक राहिलं, उत्सुकता म्हणून: जुन्या फाइलमधल्या फिलरमध्ये काय होतं? मोकळ्या जागा की लो-व्हॅल्यूज (शून्य बाइट)?

शून्यसीसात

@रात्रपाळी, उणे रकमेत शेवटचा बाइट ०डी येतो का तेही बघा जुन्या फाइलमध्ये. तो एब्सिडिकमध्येही कॅरेज रिटर्न आणि आस्कीतही. मूल्य वाचतं, पण ओळी मोजणारा एडिटर रेकॉर्डचे दोन तुकडे दाखवतो. २५ आला तर त्याचा थेट लाइन फीड होतो, मग तर तुटतेच ओळ.

रात्रपाळी

बघितलं. उणे रकमेचे दोन रेकॉर्ड होते आणि दोन्ही तिकडे एडिटरमध्ये तुटलेले दिसत होते. आम्ही ते "नेटवर्कचा प्रॉब्लेम" म्हणून बंद केलेलं तिकीट आज पुन्हा उघडलं.

फिलरमध्ये ५२ ते ६० मोकळ्या जागा आणि ६१ पासून पुढे लो-व्हॅल्यूज. त्याच पट्ट्यात ७३ ते ८० मध्ये काही रेकॉर्डांत आठ आकडे सापडले. कॉपीबुकात त्यांचं नाव नाही, कुणाला ठाऊकही नाही.

कोबोलकाका

७३ ते ८० मध्ये आठ आकडे? शंभरच्या पटीत वाढत जातात का?

रात्रपाळी

हो! ०००००१००, ०००००२००...

कोबोलकाका

सिक्वेन्स नंबर. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा क्रमाने लावता यावा म्हणून. कुणीतरी ही फाइल कधीतरी आयएसपीएफमध्ये नंबर ऑन ठेवून हाताने एडिट करून सेव्ह केली आहे. प्रॉडक्शनची फाइल. हाताने.

रात्रपाळी

साहेबांना विचारते.